या जागेत विशेष काही नाही

त्र्यंबक नेर्लेकर सरांनी ज्याला उत्तर दिलं नाही असं पत्र आयुष्यात एकच. एरवी माणूस उत्तराचा पक्का. विमा कंपनीचं छापील परिपत्रक आलं तरी 'आपले पत्र पावले' एवढं लिहून टाकायचे. समोर माणूस आला की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची, कागदावर मात्र मोकळी व्हायची. त्यामुळे शहात्तराव्या वर्षी त्यांना रुखरुख होती ती काही बोलून गेल्याची नव्हती. त्या एका न लिहिलेल्या उत्तराची होती.

पत्र निळ्या आंतरदेशीय कागदावरचं. तारीख ११ नोव्हेंबर २००८, म्हणजे त्याला आता तीस वर्षं होत आली होती. ते सरांच्याच 'परिचारिकांसाठी शरीररचना' या पुस्तकात, पान एकशे बेचाळीसवर, खुणेच्या कागदासारखं घातलेलं होतं. अक्षर शाळेतल्या शुद्धलेखनासारखं, एकही खाडाखोड नाही.

'मा. नेर्लेकर सर यांना सा. न. वि. वि. मी हिवरवाडी, ता. जत येथील उपकेंद्रात नर्स आहे. ट्रेनिंगला तुमचेच पुस्तक होते. पान १४२ वर आकृती ३७ आहे. गर्भाशयाच्या तोंडाच्या बाजूची, मूत्राशयाच्या मागची जी जागा आहे तिच्याबद्दल तुम्ही लिहिले आहे की, या जागेत विशेष महत्त्वाचे काही नाही. सर, आमच्या भागात पिशवी काढलेल्या बायका पुष्कळ आहेत. ऑपरेशननंतर काहींना लघवी धरवत नाही, काहींना लागलेली कळत नाही, काहींना सुटतच नाही. डॉक्टर म्हणतात, वयाने होते. एक जण अठ्ठावीस वर्षांची आहे. मी वहीत नावे लिहून ठेवते. आजपर्यंत एकतीस झाली. बायका विचारतात, तिथे काय कापले गेले. मी त्यांना तुमचे पान दाखवते. सर, तिथे खरेच काही नाही का? आपली नम्र, शमशाद अत्तार.'

उत्तर न देण्याचं कारण साधं होतं. उत्तर सरांना माहीत नव्हतं.

त्या वाक्याची जन्मकथा तर त्यांच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. १९९३ साली पुस्तक छपाईला गेलं तेव्हा आकृती ३७ त्यांनी एका जाडजूड इंग्रजी ग्रंथावरून गिरवून चित्रकाराकडे दिली होती. चित्रकार सांगलीचा, नाटकांचे पडदे रंगवणारा, तोल साधण्यात तरबेज. आकृतीच्या डावीकडे अवयवांची नावं दाखवणाऱ्या पाच रेघा होत्या आणि उजवीकडे चार. त्याच्या डोळ्यांना ते खुपलं. त्यानं आपल्या मनानं उजवीकडे पाचवी रेघ ओढली आणि जिथे मोकळं दिसलं तिथे, गर्भाशयाच्या तोंडाच्या बाजूला, नेऊन टेकवली. फिल्म निघाली, छपाई सुरू होणार, तोच मुद्रकाचा निरोप आला, "सर, एका रेघेला नाव नाही." सरांनी मूळ ग्रंथ उघडला. तिथे ती रेघच नव्हती. आणखी चार ग्रंथ पालथे घातले. कुणी त्या जागेत ठिपके भरले होते, कुणी ती कोरी सोडली होती. मजकूर संध्याकाळपर्यंत हवा होता. सरांनी रेघेच्या टोकाला 'सैल ऊती' लिहिलं आणि खाली ते वाक्य जोडून दिलं. मुलींना पाठ करायला एक नाव कमी झालं म्हणून त्यांना थोडं पुण्य केल्यासारखंही वाटलं.

सात आवृत्त्या निघाल्या आणि वाक्य जागचं हललं नाही.

शमशादबाईंच्या पत्राला त्यांनी सहा कच्चे मसुदे लिहिले. प्रत्येकाची सुरुवात 'माझ्या माहितीप्रमाणे' अशी व्हायची आणि तिथेच अडायची, कारण माहिती म्हणावी अशी गोष्ट त्यांच्याजवळ नव्हती. कुणा जाणत्या सर्जनला विचारावं तर भीड आडवी यायची. नीट वाचून मग लिहू, असं म्हणता म्हणता महिना गेला, मग वर्ष गेलं. महिना उलटला की उशीर असतो, वर्ष उलटलं की अपराध होतो, आणि अपराधाचं उत्तर कोणत्या मायन्यानं सुरू करतात हे सरांना कुणी शिकवलं नव्हतं.

*

डॉ. तेजल उपाध्ये एका शनिवारी सकाळी त्यांच्या मिरजेच्या घरी आली. वय तेहतीस-चौतीस, केस आखूड, पायातल्या चपला दारात व्यवस्थित जुळवून ठेवणारी. सांगली रस्त्याला संशोधन केंद्र झालं होतं, तिथे ती काम करत होती.

"सर, माझी आई तुमची विद्यार्थिनी. नर्सिंगच्या शहाण्णवच्या बॅचची," तिनं खुर्चीत बसताबसता सांगितलं. "मला नावं हवी आहेत तुमच्याकडून."

"कशाची?"

"ते कळलं असतं तर मीच ठेवली असती."

तिनं पिशवीतून चित्रं उमटणारा घडीचा पडदा काढून टीपॉयवर पसरला आणि आपल्या कामाबद्दल सांगायला लागली. शरीरातल्या पाण्याचे कण सतत हलत असतात. चरबीत ते कुठेही भरकटतात. मज्जातंतूत मात्र त्यांना लांबीच्या दिशेनंच जाता येतं, उसाच्या सरीतून पाणी जावं तसं. चुंबकीय चित्रणानं ही दिशा पकडायची रीत मेंदूसाठी जुनीच होती. ओटीपोटात ती चालत नसे, कारण तिथले तंतू केसाहून बारीक, अंगावर जाड आवरण नसलेले, आणि शेजारी आतडी नि मूत्राशय सारखे हलणारे. तेजलच्या केंद्रातलं यंत्र ही हालचाल ओळखून बाजूला काढायला शिकलं होतं. शिवाय बाहेरून अगदी हलकं स्पंदन देऊन कोणता तंतू जागा होतो हेही त्याला दिसायचं. केंद्रात त्याला 'मागोवा' म्हणत.

"जिवंत, श्वास घेणाऱ्या बाईचा नकाशा निघतोय सर. पुस्तकातली चित्रं तर बहुतेक प्रेतांवरची."

हे सरांना सांगायला नको होतं. तरुणपणी ते मेडिकल कॉलेजात शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभे असत. बायकांची प्रेतं मुळात कमी यायची, आली तर म्हाताऱ्या बायकांची, आणि त्यातल्या कित्येकींची पिशवी आधीच काढलेली असायची. रसायनात मुरल्यावर सगळंच पिवळट नि गिचमिड दिसे. सर मुलांना सांगत, "चिमट्यानं ती चरबी साफ करून घ्या, म्हणजे गर्भाशय नीट दिसेल." मुलं साफ करत आणि साफ केलेलं बादलीत टाकत.

तेजलनं बोट फिरवलं. पडद्यावर करड्या धुक्यात एक केशरी जाळं उमटलं. पाठीच्या कण्याकडून उतरत, गर्भाशयाच्या तोंडाला वळसा घालून, मूत्राशयाकडे पंज्यासारखं पसरलेलं. पाचवी रेघ जिथे टेकली होती, बरोबर तिथे.

"हे इथे असतं?" सरांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

"असतं, एवढं जुन्या लोकांनाही माहीत होतं, ढोबळ. ही दुसरी बाई बघा."

दुसरीचं जाळं पंज्यासारखं नव्हतं, दोरखंडासारखं एका अंगाला होतं. तिसरीचं दोन मजली. चौथीच्या डाव्या बाजूला दाट आणि उजव्या बाजूला जवळजवळ नाहीच. सर पुढे पुढे पाहत गेले तसं त्यांचं डोकं गरगरायला लागलं. जन्मभर त्यांनी एका आकृतीवर निभावलं होतं.

"यातली नेहमीची रचना कोणती?"

"चारशे बारा बायका झाल्या सर. नेहमीची अशी निघेनाच. आणि यातल्या निम्म्या गोष्टींना मराठीत शब्द नाहीत. बाईला तिचाच नकाशा समजावून सांगायचा तर मी काय म्हणू? आईनं सांगितलं, सरांकडे जा, ते प्रत्येक गोष्टीला नाव ठेवतात." ती हसली आणि पिशवीतून एक पुस्तक काढलं. आईचं, पाठीला कापडी पट्टी लावलेलं. "हे तर आम्ही केंद्रात भिंतीवर लावणार आहोत. पान एकशे बेचाळीस. 'या जागेत विशेष महत्त्वाचे काही नाही.' रागावू नका सर, त्या काळी सगळ्यांनाच तसं वाटायचं."

सर रागावले नाहीत. ते कपाटाकडे पाहत राहिले.

त्यांच्या पत्नी हेमलताबाई कोकम सरबताचे पेले घेऊन आल्या होत्या आणि बराच वेळ तशाच उभ्या होत्या. त्या तेजलला म्हणाल्या, "काय गं, ज्यांची पिशवी काढलीय त्यांचाही नकाशा निघतो का?"

"निघतो की काकू. तशा बायका तर हव्याच आहेत आम्हाला."

"मग माझा काढ," हेमलताबाईंनी सांगितलं आणि पेले टीपॉयवर, बरोबर केशरी जाळ्यावर, ठेवले.

*

तेजल गेल्यावर सरांनी विचारलं, "तुला कशाला नकाशा? तुला काय त्रास आहे?"

हेमलताबाई पेले विसळत होत्या. नळ बंद न करताच त्या म्हणाल्या, "एकोणतीस वर्षांनी विचारलंत. बरं केलंत."

"अगं, तू कधी बोलली नाहीस."

"तुमच्याशी? तुम्ही औषधाच्या दुकानात कापसाचा गठ्ठा मागायलासुद्धा लाजता." त्यांनी हात पुसले आणि समोर येऊन बसल्या. "खोकला आला, शिंक आली, जोरात हसू आलं, की लघवी होते. लागली की धरवत नाही. पंगतीत मी नेहमी कडेला का बसते? पर्समध्ये दुसरा परकर का असतो? कोल्हापूरला जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून पाणी का पीत नाही?"

"मला वाटलं, तुला माझ्यासारखंच घरात आवडायला लागलं."

"लोकांनाही तेच वाटायचं. नेर्लेकर सर लाजरे, म्हणून बाई कुठे येत नाहीत. तुमच्या लाजण्याचा तेवढा उपयोग झाला हो मला."

सरांची नजर कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे गेली. त्यावर खणाची गवसणी होती. हेमलताबाई एके काळी मिरजेत नाव असलेल्या गायिका. घरी बारा-चौदा मुली शिकायला येत. ऑपरेशननंतर वर्षभरात त्यांनी शिकवण्या बंद केल्या, आणि आवाज बसला, असं सगळ्यांना सांगितलं. सरांनाही.

"आवाज बसला नव्हता?"

"पोटातून सूर लावायचा असतो गाताना. वरचा षड्ज लावला की साडी बदलायची वेळ यायची. मुलींसमोर." त्या थोडं हसल्या. "कोणता राग म्हणायचा हो त्याला? तुम्ही नावं ठेवता ना सगळ्याला."

सरांना हसू आलं नाही. त्यांना एकोणतीस वर्षांपूर्वीची एक दुपार आठवत होती. गाठींमुळे हेमलताबाईंचं रक्त थांबत नव्हतं. सर्जन भला माणूस होता. त्यानं टेबलावर चित्र काढून सरांना विचारलं होतं, "पिशवीचं तोंड ठेवून वरचा भाग काढायचा की सगळंच काढायचं? दोन्ही करतात. तुम्ही शरीररचनेचे मास्तर, तुमचं काय मत?" आणि समोरासमोर कधी मत न देणाऱ्या सरांनी, आपलंच वाक्य पाठ असल्यामुळे, चटकन सांगितलं होतं, "सगळं काढा. तिथे विशेष काही नाही."

ती तारीख होती १९ जानेवारी २००९. निळं पत्र तेव्हा घरात येऊन दोन महिने झाले होते.

*

केंद्रात मागोव्याचं काम चाळीस मिनिटांत उरकलं. निकाल सांगायला मात्र तेजलला तासभर लागला, आणि तासानंतर सर आधीपेक्षा जास्त गोंधळलेले होते.

पडद्यावर हेमलताबाईंचं ओटीपोट होतं. उजवीकडे केशरी जाळं शाबूत होतं, बारीक पण सलग. डावीकडे ते मध्येच संपत होतं, वाट पावसात वाहून जावी तसं.

"म्हणजे ऑपरेशनमध्ये कापलं गेलं," सर म्हणाले.

"बहुधा."

"बहुधा म्हणजे?"

"सर, आमच्याकडे दोन्ही बाजू तुटलेल्या बायका आहेत आणि त्यांना काडीचा त्रास नाही. एकही तंतू न तुटलेल्या आहेत आणि त्यांना काकूंपेक्षा जास्त त्रास आहे. काहींचं डावीकडे जन्मतःच नसतं. बाळंतपणात ताणलं जातं, ते वेगळंच. काकूंचा ऑपरेशनच्या आधीचा नकाशा असता तर सांगता आलं असतं."

"आणि पिशवीचं तोंड ठेवलं असतं तर?"

"तर कदाचित वाचलं असतं. कदाचित नाही. खरं सांगू? मला माहीत नाही."

तिनं हे इतक्या सहज म्हटलं की सर तिच्याकडे बघतच राहिले. शिकवायच्या टेबलापाशी, पांढऱ्या कोटात, माणूस असं म्हणू शकतो हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

हेमलताबाईंना असल्या तर्कात रस नव्हता. "पुढे काय करता येईल ते सांग."

"उजव्या बाजूला शिकवता येईल. आठवड्यातून दोनदा स्पंदनं द्यायची, तीन महिने. पाचातल्या तिघींना फरक पडतो."

"उरलेल्या दोघींना?"

"नाही पडत. का, तेही माहीत नाही." तेजलनं पडद्याची घडी केली. "आमची अडचणच ती आहे काकू. नकाशे आजचे आहेत. पण ऑपरेशन झाल्याझाल्या कुणाला काय होत होतं, किती दिवसांनी सुरू झालं, हे त्या वेळी कुणी विचारलं नाही आणि लिहिलं नाही. आता बायकांना विचारलं तर म्हणतात, आठवत नाही, वयानं झालं असेल. जुन्या नोंदी मिळाल्या असत्या तर त्याच बायकांना बोलावून नकाशे ताडून पाहिले असते. तीस जणींच्या मिळाल्या तरी मी नाचले असते."

सरांनी खिशातला रुमाल काढला, तो घडी घालून पुन्हा ठेवला.

"एकतीस जणींच्या आहेत," ते म्हणाले.

"कुठे?"

"हिवरवाडीला. होत्या." मग त्यांची जीभ टाळ्याला चिकटली आणि हेमलताबाई त्यांच्याकडे बघायला लागल्या.

*

पत्र त्यांनी घरी आल्यावर दिलं. चहा न घेता, चपला न काढता, कपाटातून पुस्तक काढलं आणि पान उघडून पुढे धरलं. हेमलताबाईंनी चष्मा लावून पत्र वाचलं. मग तारीख वाचली. मग बोटांवर काहीतरी मोजलं.

"हे माझ्या ऑपरेशनच्या आधी आलं?"

"हो."

"आणि सर्जननं तुम्हाला विचारलं तेव्हा हे घरात होतं?"

"हो."

"मला का नाही दाखवलंत?"

"मला उत्तर माहीत नव्हतं. आधी शोधावं, मग..."

"उत्तर माहीत असतं तर माझं ऑपरेशन वेगळं झालं असतं?"

"ते सांगता येत नाही. तेजल म्हणाली ना, कदाचित..."

"तेजलचं ठेवा बाजूला." हेमलताबाईंचा आवाज चढला नाही, उलट खालच्या पट्टीत गेला. "त्या बाईनं तुम्हाला उत्तर विचारलंच नव्हतं हो. नीट वाचा. ती तुम्हाला सांगत होती. एकतीस बायकांचं सांगत होती. तुम्ही आपले प्रश्नपत्रिका आल्यासारखे घाबरून बसलात."

सरांनी पत्र हातात घेतलं. तीस वर्षांत त्यांनी त्यातलं शेवटचंच वाक्य वाचलं होतं. मधली सगळी त्यांना आज पहिल्यांदा भेटल्यासारखी वाटली. एक जण अठ्ठावीस वर्षांची आहे.

पुढचे चार दिवस हेमलताबाई कामापुरतंच बोलल्या. ताट वाढलं, औषधाच्या गोळ्या काढून ठेवल्या, आणि केंद्रात पहिल्यांदा स्पंदनं घ्यायला एकट्या रिक्षानं गेल्या. सर घरात इकडून तिकडे फिरत राहिले. अपराध नक्की कोणता, हे त्यांना ठरवता येईना. वाक्य चुकीचं होतं हा? पत्र दडवलं हा? की एकोणतीस वर्षं एका घरात राहून बायको कडेला का बसते हे पाहिलं नाही हा? चूक झाली नसती तरी हे सगळं असंच घडलं असतं, हेही शक्य होतं, आणि त्या शक्यतेनं त्यांना दिलासा मिळायच्या ऐवजी जास्तच अडकल्यासारखं होत होतं. बोलायचं म्हणून ते दोनदा स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि पाणी पिऊन परत आले.

पाचव्या दिवशी दुपारी हेमलताबाई फोनवर कुणाशी तरी बोलताना ऐकू आल्या.

"आरोग्य उपकेंद्र ना? मी मिरजेहून बोलतेय. तुमच्याकडे शमशाद सिस्टर म्हणून होत्या, जुन्या... हो, अत्तार... अस्सं. गावातच आहेत? ...फोन वापरत नाहीत? का हो? ...बरं बरं. ठेवते."

त्या बाहेर आल्या. "आहेत. वय झालंय, ऐकू कमी येतं म्हणून फोन घेत नाहीत. शेळ्या पाळल्यात म्हणे. ती पोरगी म्हणाली, पत्र पाठवा, त्यांना वाचायला आवडतं." त्यांनी कोरे कागद सरांपुढे ठेवले. "सुटलात. बोलायला नको. बसा लिहायला."

*

सरांचा पहिला मसुदा नऊ पानांचा झाला. त्यात मज्जातंतूंचा इतिहास होता, रसायनात प्रेत मुरल्यावर काय होतं ते होतं, चित्रकाराची पाचवी रेघ होती, आणि 'क्षमस्व' हा शब्द अकरा वेळा होता. हेमलताबाईंनी तो भाजी निवडता निवडता वाचला.

"त्या बाईला शेळ्या चारायच्यात," त्या म्हणाल्या.

दुसरा चार पानांचा. त्यावर त्या म्हणाल्या, "यात तुम्ही फार आहात, तिच्या बायका नाहीत."

तिसरा लिहिताना सरांनी 'माझ्या माहितीप्रमाणे' हे शब्द तीनदा लिहून तीनदा खोडले. चौथ्यांदा त्यांनी तेजल म्हणाली होती तेच लिहून पाहिलं. तीन शब्द होते. आपल्या अक्षरात ते कसे दिसतात हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. विचित्र दिसत होते, पण कागद फाटला नाही.

शेवटी पत्र एका पानावर मावलं.

'श्रीमती शमशाद अत्तार यांना स. न. वि. वि. आपले ११ नोव्हेंबर २००८ चे पत्र पावले. आपण विचारले होते, तिथे खरेच काही नाही का. तिथे आहे. मज्जातंतूंचे जाळे आहे आणि ते प्रत्येक बाईचे वेगळे आहे. आपल्या बायकांना जे झाले ते त्यामुळेच झाले का? मला माहीत नाही. आता काही जण ते शोधत आहेत. ते वाक्य मी लिहिले तेव्हा त्या जागेत मी पाहिले नव्हते. आकृतीतल्या एका रेघेला नाव नव्हते, म्हणून लिहिले. तुम्ही पाहिले होते. आपली वही अजून आहे का? असल्यास डॉ. तेजल उपाध्ये ती पाहायला हिवरवाडीला येतील. वही तुमच्याकडेच राहील. नावे दाखवायची की नाही, हे त्या बायकांना विचारून तुम्ही ठरवावे. उत्तराला उशीर झाला. त्याला सांगण्यासारखे कारण नाही. आपला, त्र्यंबक नेर्लेकर.'

हेमलताबाईंनी ते दोनदा वाचलं. मग सरांचं पेन मागितलं, आणि खाली उरलेल्या जागेत, टेबलाला कोपर टेकून, आपल्या मोठ्या गोल अक्षरात लिहिलं.

'बाई, तुमच्या पत्रापर्यंत एकतीस होत्या. पुढचे नाव माझे धरा. हेमलता त्र्यंबक नेर्लेकर, मिरज. पिशवी काढली १९ जानेवारी २००९, वय तेव्हा त्रेचाळीस. खोकल्यावर, हसल्यावर लघवी होते. तिसऱ्या आठवड्यापासून सुरू झाले, मला पक्के आठवते. गाणे बंद. यांना आत्ता सांगितले.'

सरांनी ती ओळ वाचली आणि पाकिटावर पत्ता लिहायला घेतला.

पोस्टात हेमलताबाईही आल्या. बरोबर कशाला, असं सर म्हणाले नाहीत, आणि रिक्षातून उतरताना त्यांनी पहिल्यांदाच हात पुढे केला. आत गर्दी बेताची होती. खिडकीतल्या मुलीनं पाकीट उलटसुलट पाहिलं.

"आजोबा, दहा अक्षरी सांकेतिक पत्ता नाही लिहिलात. त्याशिवाय यंत्र घेत नाही."

"गावाचं नाव आहे," सर म्हणाले. "माणसाचंही आहे."

"तसं हातानं लावावं लागेल. चार दिवस जास्त लागतील."

"चालेल. आधीच थोडा उशीर झालाय."

"थोडा," मागून हेमलताबाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू फुटलं. हसू आवरायच्या आतच त्यांचा हात ओटीपोटावर गच्च दाबला गेला. सरांना तो हात दिसला. हे तीस वर्षांत किती वेळा समोर घडलं असेल आणि आपण कुठे पाहत होतो, हे त्यांना काही केल्या आठवेना.

मग हेमलताबाई खिडकीशी वाकल्या आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, स्वच्छ, पोटातून, विचारलं, "बाळ, इथे बायकांचं बाथरूम कुठे आहे?"

"मागच्या बाजूला, आजी. किल्ली घ्या."

त्या किल्ली घेऊन गेल्या. घाई होती, पण मान खाली नव्हती. रांगेतल्या कुणी वळून पाहिलं नाही. सरांची कानशिलं तेवढी सवयीनं तापली आणि थोड्या वेळानं आपोआप निवली.

"हे कसं पाठवू? साधं की नोंदणीचं?" मुलीनं विचारलं.

"नोंदणीचं," सर म्हणाले. "पोचल्याची पावती येते ना? ती हवी."

मुलीनं पाकिटावर शिक्का मारला, तारीख नीट उमटली का ते पाहिलं, आणि ते मागच्या गोणीत टाकलं.